पोकरचं टेबल बंद झालं, आता तरी या चुका टाळा

ऑनलाइन पैशाच्या खेळांवरच्या बंदीचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्याच सुमारास देशातल्या पोकर साइट्सनी पैशांची टेबलं बंद केली. दिवसा ऐरोली-महापेला नोकरी आणि रात्री दहा ते तीन घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये एकाच वेळी पोकरची चार ऑनलाइन टेबलं, असं ज्यांचं तीन-तीन वर्षं चाललं होतं, त्यांच्या रात्री एकदम रिकाम्या झाल्या. त्या रिकाम्या रात्री भरण्याच्या घाईत जो तो त्याच चुका करतोय. पोकर हा विचार करायला लावणारा, अभ्यास मागणारा खेळ आहे असं मी आजही मानतो, आणि म्हणूनच या चुका बघवत नाहीत.

"क्लबमध्ये ये, सेटलमेंट यूपीआयवर"

सगळ्यात महागडी चूक हीच. ॲप दिसायला फुकटचं असतं. आतल्या चिप्सना कागदावर काही किंमत नसते. पण त्या ॲपमध्ये कुणीतरी खासगी क्लब काढलेला असतो, एजंट उधारीवर चिप्स देतो, एक चिप म्हणजे एक रुपया, आणि दर सोमवारी हिशोब. जुन्या साइटवरचा ओळखीचा खेळाडूच मेसेज करतो, "अरे, सगळे आपलेच आहेत." त्याला तुमच्या रेकमधला (प्रत्येक डावातून क्लब कापून घेतो त्या रकमेतला) वाटा मिळतो, हे तो सांगत नाही.

अशा टेबलावर तीन खुर्च्यांवर एकाच खोलीतली तीन माणसं बसली असतील तर तुम्हाला ते कळायचा मार्ग नाही. एजंटने पैसे बुडवले तर तक्रार करायला जागा नाही. पण खरा दणका बसतो तो बँकेकडून.

घणसोलीतल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरचं उदाहरण घ्या. एका सोमवारी त्याला जिंकलेले १८,५०० रुपये आले, ते एजंटच्या नाही, भलत्याच कुणाच्या खात्यातून. ते खातं दुसऱ्या राज्यातल्या एका सायबर फसवणुकीत वापरलेलं निघालं. १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार गेली, की तो पैसा पुढे ज्या ज्या खात्यांत फिरला तिथे तिथे तो रोखला जातो. कधी तेवढी रक्कम, कधी अख्खं खातं. याचं अख्खं खातं गोठलं. पगार त्याच खात्यात, घराचा हप्ताही त्यातूनच. पाच तारखेचा हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला, सिबिलवर डाग पडला. हे झाल्यावर त्याने त्याहून मोठी चूक केली. एजंटने पढवलं, "मित्राने उसने परत केले असं लिहून दे," आणि याने दिलं. स्टेटमेंटमध्ये दर सोमवारी वेगवेगळ्या अनोळखी नावांनी आलेल्या रकमा सरळ दिसत होत्या. खोटं लिहून दिल्यावर सुटायला आणखी दोन महिने गेले.

खातं गोठलंच असेल तर आधी शाखेत जा आणि तक्रारीचा पोचपावती क्रमांक व तपास करणाऱ्या पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा. फोनवर कस्टमर केअरशी भांडण्यात दिवस जातात, हाती काही लागत नाही. वादातली रक्कम किती ते विचारा आणि तेवढीच रोखून बाकीचं खातं खुलं करावं असा अर्ज द्या. तपास अधिकाऱ्याला सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि चॅटचे स्क्रीनशॉट पाठवा, खरं तेच लिहा, शक्य असेल तर वकिलाला दाखवून. ॲप डिलीट करू नका, पुरावा तिथेच असतो. पुढचा पगार दुसऱ्या बँकेत घ्यायची सोय ऑफिसच्या एचआरकडे त्याच दिवशी करा.

आणखी एक गोष्ट पोरांच्या ध्यानात येत नाही. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढंच, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. चार मित्रांना चिप्स वाटून सोमवारी हिशोब गोळा करणारा पोरगा स्वतःला खेळाडू समजत असतो. कायद्याच्या नजरेत तो पलीकडच्या बाजूला गेलेला असू शकतो. रेफरलची लिंक ग्रुपवर टाकण्याआधीही हे आठवा. व्हीपीएन लावून परदेशी साइटवर क्रिप्टोने पैसे भरणं हा याच चुकीचा दुसरा अवतार, तिथे तर आपले पैसे अडकले तर मराठीत की इंग्रजीत रडायचं एवढाच प्रश्न उरतो.

"मी विनिंग प्लेयर होतो"

बंदी आल्यावर नोकरी सोडून गोव्याच्या कॅसिनोत लाइव्ह खेळायला जायचे बेत याच एका वाक्यावर आखले जातात. मांडवीतल्या बोटींवर पोकर चालतो, कायदेशीर आहे, हौसेने जायला काहीच हरकत नाही. पण कर्ज काढून जायच्या आधी किती हँडच्या (डावांच्या) जोरावर तुम्ही स्वतःला जिंकणारा म्हणता ते तपासा.

सिक्स-मॅक्स नो-लिमिट होल्डेममध्ये (सहा जणांचं टेबल, बेटला मर्यादा नाही, असा पोकरचा प्रकार) शंभर हँडमागचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणारा चढउतार, साधारण ९० बिग ब्लाइंड धरतात. बिग ब्लाइंड म्हणजे डावाच्या सुरुवातीची मोठी सक्तीची बेट, सगळा हिशोब त्यातच मोजतात. समजा तुम्ही खरंच चांगले आहात आणि दर शंभर हँडला ५ बिग ब्लाइंड कमावता. दहा हजार हँडनंतर अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड, आणि विचलन ९०० चं. म्हणजे असे शंभर चांगले खेळाडू बसवले तर त्यातले जवळपास २९ जण दहा हजार हँडनंतर तोट्यात असतील. एक लाख हँडनंतरही शंभरातले चारेक जण तोट्यातच दिसतील.

आता उलटं बघा. रेक वजा जाता जो ना जिंकतो ना हरतो, असा माणूस दहा हजार हँडमध्ये ९०० बिग ब्लाइंड वर असण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. १०/२० च्या, म्हणजे २० रुपये बिग ब्लाइंडच्या, टेबलावर हे झाले १८,००० रुपये. चार टेबलं लावली तर तासाला अडीचशेच्या आसपास हँड होतात, म्हणजे दहा हजार हँड हा चाळीस तासांचा, रात्री पाच तास धरले तर आठ रात्रींचा खेळ. अशा थोड्या चांगल्या रात्रींवर "मला जमतं" असं ठरवून राजीनामा टाकलेली माणसं वागळे इस्टेटपासून खारघरपर्यंत सापडतील.

लाइव्ह टेबलावर तासाला जेमतेम पंचवीस-तीस हँड वाटले जातात. दहा हजार हँडला साडेतीनशे-चारशे तास लागतात. तेवढा खेळ होईपर्यंत तिथलं भाडं, खाणं, येणं-जाणं तुमच्या खिशातून जात असतं, आणि त्या आकड्यालाही अजून अर्थ आलेला नसतो. उत्पन्न म्हणून त्याचा विचार करायचा असेल तर वर्षभराचा घरखर्च बाजूला आणि खेळाचे किमान पन्नास बाय-इन (एका टेबलावर बसायला लागणारी पूर्ण रक्कम) वेगळे, एवढं हातात नसेल तर विषय तिथेच थांबवा. अधीर माणसाला हा आकडा नेहमी जास्त वाटतो. त्याला तो पाचावर आणायचा असतो.

चारचा नियम चुकीच्या जागी

आता पैसे नाहीत तर शिकायला हरकत नाही, म्हणून बरेच जण फुकटच्या चिप्सवर सराव करतात. चांगलंच आहे. पण फ्लश ड्रॉची (एकाच प्रकारचे, म्हणजे सगळे बदाम वगैरे, पाच पत्ते व्हायला एक कमी असण्याची) चूक जशी होती तशीच राहिली आहे.

फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) तुमच्याकडे हातातले धरून चार बदाम आहेत, उरले नऊ. नऊ गुणिले चार म्हणजे छत्तीस टक्के, असं पाठ केलेलं असतं. खरा आकडा ३५ टक्के. पण तो टर्न आणि रिव्हर (त्यानंतर उघडणारा चौथा आणि पाचवा) दोन्ही पत्ते बघायला मिळाले तरच. समोरचा टर्नला पुन्हा बेट लावणार असेल तर तुम्ही एकाच पत्त्याचे पैसे भरताय, आणि एका पत्त्यावर शक्यता फक्त १९ टक्के. तिथे दोनने गुणायचं.

टर्नचं उदाहरण. पॉटमध्ये (डावात जमा झालेल्या रकमेत) ६००, समोरच्याने ३०० लावले. तुम्हाला ३०० भरून एकूण १,२०० साठी खेळायचंय, म्हणजे २५ टक्के हवेत. तुमच्याकडे ४६ पैकी ९ पत्ते, १९.६ टक्के. नुसत्या हिशोबाने फोल्ड, म्हणजे डाव सोडायचा. कॉल (त्याच्या बेटएवढे पैसे भरणं) करायचाच असेल तर फ्लश लागल्यावर रिव्हरला त्याच्याकडून सरासरी आणखी ३३३ तरी निघाले पाहिजेत. त्याच्याकडे मागे दोनशेच उरले असतील तर ते निघणार कुठून? हा प्रश्न कॉलचं बटण दाबायच्या आधी विचारायचा असतो.

माझी पद्धत वहीची. रोज तीनच हँड लिहायचे: पॉट किती, बेट किती, किती टक्के हवेत, किती आहेत, काय केलं. निकालाचा रकाना नसतोच. निकाल लिहिला की माणूस जिंकलेल्या वाईट कॉलचं समर्थन करत बसतो. सॉल्व्हरचे (आदर्श चाल काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे) चार्ट पाठ करणाऱ्यांना हे बालिश वाटतं, पण ९ ला ४६ ने भागणं ज्याला जमत नाही त्याच्या हाती चार्ट देऊन काय होणार?

फुकटच्या कॅश टेबलावर सराव करू नका. तिथे पहिल्याच हँडला चौघं ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स लावतात. फ्रीरोल (प्रवेश फुकट असलेली) टुर्नामेंट खेळा, तासाभरानंतर लोक विचार करायला लागतात. एका वेळी एकच.

पोकर गेला, ऑप्शन्स आले

"मला व्हेरियन्स कळतो, म्हणून मला एफ अँड ओ जमेल." व्हेरियन्स म्हणजे नशिबाचा चढउतार, एफ अँड ओ म्हणजे शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स. ठाण्याच्या लोकलमध्ये सकाळी मोबाइलवर जुने पोकरवाले आता ऑप्शन चेन (ऑप्शन्सच्या भावांचा तक्ता) बघत असतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास वाचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, खर्च धरून सरासरी सुमारे दोन लाखांचा तोटा. मोठ्या संस्थांच्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आला. पोकरमध्ये तुम्ही कमकुवत खेळाडू असलेलं टेबल निवडत होता, तीच तुमची निम्मी कमाई होती. इथे टेबल निवडता येत नाही, आणि कमकुवत खेळाडू तुम्ही आहात.

टॅक्स

टीडीएस कापला म्हणजे काम झालं, असं नाही. २०२३-२४ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आणि वर सेस लागतो. एका वर्षाचा तोटा पुढच्या वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही. ३१ मार्चला वॉलेटमध्ये पडून राहिलेली रक्कमही हिशोबात धरली जाते. या उत्पन्नाला आयटीआर-१ चालत नाही. बंदीच्या वेळी काढलेले पैसे २०२५-२६ चे, ते एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसतात, तिथला आकडा आपल्या आकड्याशी जुळवा. जुन्या साइट्सच्या अकाउंटमधून स्टेटमेंट मिळत असेल तोवर उतरवून ठेवा.

झोप

झोपायची वेळ ठरवू नका, उठायची ठरवा. साडेसहा म्हणजे साडेसहा, रविवारीसुद्धा. उपवनला किंवा तलावपाळीला एक फेरी मारा. पहिले दहा दिवस फार जड जातात.

बायोडाटामधली तीन वर्षं

ती लपवू नका, आणि "प्रोफेशनल पोकर प्लेयर" असं मथळ्यात लिहूही नका. ट्रॅकर (खेळलेले हँड नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरला असेल तर तुमचे सगळे हँड बहुधा पोस्टग्रेएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये पडून आहेत. पोकरट्रॅकर तोच वापरतो. तो डेटाबेस उघडा आणि त्यावर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिका: कुठल्या जागेवरून किती हरलो, रात्री एकनंतरचा निकाल काय, सलग दोन बाय-इन गेल्यावर पुढच्या पन्नास हँडमध्ये काय केलं. हा शेवटचा प्रश्न लावून बघाच. टिल्ट, म्हणजे हरल्यावर डोकं फिरून खेळणं, काय असतं ते स्वतःच्या आकड्यांत दिसतं. अशी पाच उत्तरं नीट मांडली की महापे-ऐरोलीतल्या डेटा किंवा रिस्कच्या मुलाखतीत बोलायला ठोस काहीतरी असतं.

घरी न सांगितलेलं कर्ज

क्रेडिट कार्ड, लोन ॲप, मित्र, पीएफ, सगळं एका कागदावर, व्याजाच्या दराने उतरत्या क्रमाने लिहा. तो कागद घरातल्या एका माणसाला दाखवा, आईला, बायकोला, मोठ्या भावाला, कुणालाही. कार्डाचं वार्षिक व्याज चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं, ते आधी फेडा, मित्र थांबतो. बंदीनंतरही हात सतत मोबाइलकडे जात असेल, चिडचिड होत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. हे पहिल्या महिन्यात करा, सहाव्या नाही.

सोसायटीच्या क्लबहाउसमधला "फ्रेंडली गेम"

पैसे लावून नको. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि हा कौशल्याचा खेळ आहे हा युक्तिवाद करायची जागा कोर्ट आहे, क्लबहाउसचं दार नाही. खेळच हवा असेल तर बिनपैशाची टुर्नामेंट लावा. आठ जण, प्रत्येकी १०,००० चिप्स, ब्लाइंड ५०/१०० पासून, दर वीस मिनिटांनी वाढ: १००/२००, १५०/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१,२००, ८००/१,६००, १,०००/२,०००, १,५००/३,०००, २,०००/४,०००. टेबलावर एकूण ८०,००० चिप्स, म्हणून अकराव्या पातळीच्या आसपास निकाल लागतोच. पातळ्या पंधरा मिनिटांच्या करायचा आग्रह कुणीतरी हमखास धरतो. ऐकू नका, शेवटचा तास नुसता ऑल-इनचा होतो. रात्री आठला पहिला पत्ता वाटला तर पावणेबाराच्या आत पत्ते पेटीत जातात.