नाशिकहून बॉर्डरपार गाडी लावताना: हिशेब फाटकापासून मागे

ट्रान्सपोर्ट ऑफिसात नव्याने लागलेला मुलगा नकाशा उघडतो आणि नाशिकपासून पुढे बोट फिरवत जातो: धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, कोलकाता, आणि शेवटी बांगलादेश सीमेवरचं आपलं ठाणं पेट्रापोल. देशातल्या भाड्याला हे चालतं. बॉर्डर ओलांडणाऱ्या मालाचा बेत मात्र उलटा आखावा लागतो. पलीकडचं फाटक कोणत्या वारी उघडं आहे आणि आपला नंबर तिथे कधी लागेल हे आधी बघायचं. मग तिथून मागे मोजत यायचं आणि पिंपळगावच्या पॅकहाउसवर गाडी किती वाजता लावायची ते ठरवायचं. ही उलटी मोजणी ज्याच्या डोक्यात बसली नाही, त्याच्या गाड्या बॉर्डरवर उभ्याच राहतात.

नाशिकहून रस्त्याने माल जाईल असे देश तीनच धरा: बांगलादेश, नेपाळ आणि भूतान. पश्चिमेकडचा रस्ता बंद आहे. पाकिस्तानशी व्यापार ऑगस्ट २०१९ पासून थांबला आणि एप्रिल २०२५ मध्ये अटारीचं ठाणंही बंद झालं. ‘इथून ट्रक भरून थेट युरोप’ असं स्वप्न दाखवणाऱ्याच्या नादी लागू नका. तो माल न्हावा शेव्याहून बोटीने जातो. सीलबंद ट्रक एकाच कागदावर चार-पाच देश पार करतो ती टीआयआर पद्धत भारताने २०१७ मध्ये स्वीकारली. मुलाखतीत विचारतात म्हणून ती माहीत हवी, रोजच्या कामात तिची गाठ क्वचितच पडेल. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी एकमेकांच्या गाड्या सोडायचा करार जून २०१५ मध्ये थिंफूत केला, त्याच नोव्हेंबरात कोलकाता–ढाका–आगरतळा अशी चाचणीची गाडीही धावली. तरी बांगलादेशला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांच्या पेट्या आजही बॉर्डरपलीकडच्या ‘बंदरात’, म्हणजे जमिनीवरच्याच माल-ठाण्यात, उतरून दुसऱ्या ट्रकमध्ये चढतात. भाडं ठरवताना हे विसरू नका.

बांगलादेश हा नाशिकचा रस्त्याने जाणारा सगळ्यात मोठा व्यवहार, म्हणून त्यावरच जास्त बोलू.

समजा द्राक्षाची रीफर, म्हणजे थंड डब्याची, गाडी आहे आणि पेट्रापोलला सोमवारचा नंबर हवा आहे. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सरकारी सुट्टी. शुक्रवारी फाटकावरचं काम बंद किंवा अगदी मंद, बँकाही बंद, त्यामुळे एलसीत, म्हणजे व्यापाऱ्याच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात, चूक निघाली तर रविवारपर्यंत कोणी हात लावत नाही. म्हणजे गाडी शनिवारी पेट्रापोलच्या अलीकडच्या बनगावला पोचलेली बरी. रविवार हाताशी राखीव. नाशिक ते पेट्रापोल अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. भरलेली गाडी एका ड्रायव्हरवर दिवसाला ३०० ते ३५० किलोमीटर पडते, दोघांवर ४५०. दोन ड्रायव्हर धरले तर चार दिवस आणि वर थोडं. म्हणून गाडी सोमवारी संध्याकाळी निघायला हवी, म्हणजे नंबराच्या बरोबर आठवडाभर आधी. तोडणी त्याआधी, रविवारी सकाळी. मधला वेळ प्री-कूलिंगचा, म्हणजे भरण्याआधी माल थंड करण्याचा.

प्री-कूलिंगवर शेतकरी आणि व्यापारी दोघंही घाई करतात, तुम्ही करू नका. रीफरचं युनिट थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं. गरम माल थंड करायची ताकद त्यात नसते. पेट्या भरताना मण्याच्या आतलं तापमान ४ अंशांच्या खाली आलेलं असलं पाहिजे. हवेचं मोजून उपयोग नाही, थर्मामीटरची सुई मण्यात टोचून बघायची आणि आकडा लोडिंगच्या कागदावर लिहायचा. गाडीचा सेट पॉइंट, म्हणजे युनिटवर लावायचं तापमान, ० ते १ अंश. पेट्या छतापर्यंत आणि दरवाजापर्यंत खच्चून भरल्या की वारा फिरत नाही, मागच्या दोन रांगा गरम राहतात, आणि नासका माल पहिल्यांदा तिथेच निघतो. वरती वीतभर जागा सोडा.

आता डिझेल. भरलेली दहाचाकी लिटरला साधारण ४ किलोमीटर देते, म्हणजे जायलाच ४७५ लिटर. बीएस-६ गाडीला धूर स्वच्छ करणारं डीईएफ हे द्रव लागतं, डिझेलच्या ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २४ लिटर. २० लिटरची एक बादली वाटेत पुरत नाही, दोन ठेवा. डीईएफ संपलं की इंजिन ताकद कमी करतं आणि गाडी चढावर रांगते. रीफर युनिटचं डिझेल वेगळं, तासाला २ ते ३ लिटर. नवखा हे डिझेल फक्त प्रवासाचं धरतो. बॉर्डरच्या पार्किंगमध्ये पाच दिवस उभं राहावं लागलं तर १२० तास, म्हणजे २४० ते ३६० लिटर, आणि गाडी तर एक इंचही पुढे गेलेली नसते. हा पैसा कोण देणार, हे भाडं ठरतानाच लिहून घ्या. ‘हॉल्टिंग किती तासांनंतर सुरू आणि रीफरचं डिझेल कोणाकडे’ ही एक ओळ बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, नसेल तर नंतर नुसता फोनवर वाद.

रस्त्यात फारसं काही नाही. गोंदे इथून समृद्धी धरली तर नागपूरपर्यंत वेळ चांगलाच वाचतो, टोल जास्त जातो. द्राक्षाला परवडतं, कांद्याला धुळे–जळगाव–अकोला हा जुना रस्ता धरून हिशेब करून बघा. उन्हाळ्यात सिमेंटच्या सरळ रस्त्यावर टायर तापून फुटतात, म्हणून हवा सकाळी थंड टायरमध्येच तपासायची. मोटार वाहतूक कामगार कायदा सांगतो तसा पाच तासांमागे अर्धा तास थांबा धराच. खरी अडचण शेवटच्या टप्प्यात. कोलकात्याबाहेरच्या डानकुनीहून निवेदिता सेतू, बारासात आणि पुढे जशोर रोड. हा जुन्या शिरीषांच्या सावलीतला अरुंद रस्ता, फांद्या खाली आलेल्या. उंच कंटेनर बॉडीचा माथा तिथे घासतो. शहराजवळ अवजड गाड्यांना दिवसा प्रवेश नसतो, त्यामुळे डानकुनीला पहाटे पोचलेली गाडी रात्रीपर्यंत तिथेच.

वजन. दहाचाकीचं एकूण वजन २०१८ च्या नियमाने २८.५ टन, बाराचाकीचं ३६ टन. यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. रीफर युनिट आणि इन्सुलेटेड बॉडी जड असते, साध्या हौद्याच्या गाडीइतका माल त्यात बसत नाही. भरल्यावर लगेच काटा करा आणि पावतीचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाका. काट्याचं वजन, इन्व्हॉइसचं वजन आणि पॅकिंग लिस्टचं वजन एकमेकांना जुळलंच पाहिजे. बॉर्डरवर गाड्या अडतात त्यातल्या बऱ्याच कागदांमधल्या अशा क्षुल्लक फरकांनी अडतात, मालातल्या दोषाने नव्हे.

तर कागद. निर्यातदाराचा आयईसी (आयात-निर्यात कोड), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज), साफ्टा या दक्षिण आशियाई व्यापार कराराखालचं उत्पत्ती प्रमाणपत्र आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला. त्याला सगळे फायटोच म्हणतात, तो नाशिकमध्येच कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांकडून मिळतो. पलीकडच्या व्यापाऱ्याकडून दोन गोष्टी आधी हव्यात: एलसी आणि बांगलादेशच्या कृषी खात्याने दिलेलं आयात परमिट. परमिटवर शेवटची तारीख असते. ती नंबराच्या तारखेच्या किमान आठवडाभर पुढची असल्याशिवाय गाडी भरायला लावू नका. प्रत्येक कागदावर व्यापाऱ्याचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं, ‘मो.’ आणि ‘मोहम्मद’ हा फरकही दिवस खातो. एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाच्या प्रकाराचा आकडा, कांद्याला ०७०३१०, ताज्या द्राक्षाला ०८०६१०. शेवटी गाडी नंबर. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला तर ड्रायव्हरने सगळ्यात आधी कस्टम्स ब्रोकरला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) कळवायला हवं, मालकाला नंतर. जुन्या नंबराचे कागद घेऊन नवी गाडी फाटकावर गेली की दुरुस्तीत एक दिवस गेलाच.

ताज्या कांद्याला आणि द्राक्षाला ई-वे बिल लागत नाही, कारण त्यांवर जीएसटी नाही. बेदाणा किंवा अंबड–सातपूरच्या एमआयडीसीतले सुटे भाग असतील तर लागतं. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे पेट्रापोलला दहा दिवस. ते बॉर्डरच्या रांगेत संपू शकतं. संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास एवढ्यातच वाढवता येतं. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

पेट्रापोलला पोचल्यावर गाडी सरळ फाटकावर नेता येत नाही. राज्य सरकारच्या ‘सुविधा’ पोर्टलवर नंबर आधी घ्यायचा, गाडी पार्किंगमध्ये लावायची, शिपिंग बिलावर ‘लेट एक्सपोर्ट’चा, म्हणजे माल बाहेर सोडायचा, हुकूम झाला की पुढे. ड्रायव्हर-क्लीनर कस्टम्सच्या कार पासवर (गाडी पलीकडे न्यायच्या परवान्यावर) समोरच्या, बांगलादेशातल्या बेनापोलच्या बंदरात जातात, तिथे माल उतरतो आणि ते रिकामी गाडी घेऊन परत येतात. बंदराच्या आवाराबाहेर जायची परवानगी नसते. दोघांची लायसन्स आणि आधारच्या प्रती, फोटो, आणि दोन दिवसांचं खाणं गाडीत हवं. बऱ्याचदा माल बनगावलाच स्थानिक गाडीत बदलतात. ते स्वस्त पडतं, पण द्राक्षाची थंडी तिथेच तुटते. गाडी बदलणार असेल तर ते रात्री करा, आणि डेटा लॉगर पेटीतच राहू द्या, म्हणजे नंतर कोणाच्या वेळेत तापमान चढलं ते कळतं.

कांद्याला थंडीची गरज नाही, वाऱ्याची आहे. गोण्यांवर ताडपत्री चोहोबाजूंनी घट्ट बांधली की आत वाफ धरते, कोंब दिसू लागतात आणि तळाच्या गोण्या ओल्या होतात. हौद्यात खाली फळ्या टाका, ताडपत्री पुढून हातभर उचललेली ठेवा, पाऊस आला तरच खाली सोडा. वजन वाटेत घटतंच; किती घट मान्य, हे बिल्टीवर लिहिलेलं असू द्या.

कांद्याची दुसरी आफत दिल्लीहून येते. १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली तेव्हा भरलेल्या गाड्या बॉर्डरवरच अडकल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, मे २०२४ मध्ये ती उठली पण किमान निर्यात दर आणि शुल्क राहिलं, शेवटचं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. डिसेंबर २०२३ च्या आदेशात बंदीआधी कस्टम्सच्या ताब्यात देऊन नोंदवलेल्या मालाला सूट होती. त्यातून एकच गोष्ट घ्या: शिपिंग बिल गाडी बनगावला पोचायची वाट न बघता दाखल करायला ब्रोकरला सांगा, आणि लासलगावात भाव भडकल्याच्या बातम्या येऊ लागल्या की एका वेळी दोनच गाड्या सोडा, दहा नव्हे.

नेपाळ सोपं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. नाशिक ते बिहारच्या सीमेवरचं रक्सौल सुमारे १,७०० किलोमीटर, धुळे–इंदूर–कानपूर–लखनौ–गोरखपूर असं. इथे भारतीय गाडी भन्सार, म्हणजे नेपाळचं जकात-शुल्क, भरून पलीकडच्या बिरगंजच्या पुढेही जाऊ शकते, म्हणून मालकाला वाटतं सरळ काठमांडूला उतरवू. घाटात उतरताना ब्रेक तापतात. सपाटीवरच गाडी चालवलेला ड्रायव्हर या भाड्याला देऊ नका. गाडीचा विमा नेपाळमध्ये आपोआप चालत नाही. पॉलिसीला ‘भौगोलिक विस्तार’ जोडून घ्यावा लागतो, त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश येतात. जादा हप्ता किरकोळ आहे आणि कंपनीकडून मागून घेतल्याशिवाय मिळत नाही. रोख रक्कम शंभराच्या नोटांत दिलेली बरी, कारण मोठ्या भारतीय नोटांवर तिथे २०१८ मध्ये बंधनं आली होती. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, बांगलादेश आणि भूतानचं ३० मिनिटं. ‘पाच वाजता बंद’ म्हणजे कोणाचे पाच, हे विचारून घ्या. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी. नेपाळचे दसरा-दिवाळीचे सण दसैं-तिहार, बंगालची दुर्गापूजा, बिहारची छठ आणि ईद ही चारही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. २०१९ च्या जूनमध्ये नेपाळने भाज्या-फळांवर कीटकनाशकाची तपासणी अचानक सक्तीची केली, गाड्या उभ्या राहिल्या आणि काही आठवड्यांत निर्णय मागे गेला. असे आठवडे हिशेबात धरूनच भाडं सांगा. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश-बिहारच्या धुक्यासाठी आणखी एक दिवस.

भूतानला जायचं ते आपलं जयगाव आणि पलीकडचं फुंत्शोलिंग यांमधून. चलन रुपयाच्या बरोबरीचं, माल कमी, गर्दी कमी. शिकायला चांगला मार्ग आहे, कमाईला नाही.

काम शिकायचं तर पहिले दोन महिने आडगावच्या ट्रक टर्मिनलवर काट्याजवळ आणि लोडिंगवर काढा, संगणक नंतर. पुढच्या हंगामात एकदा तरी गाडीबरोबर बनगावपर्यंत जाऊन या. कागदात रस असेल तर कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात लागा आणि जी-कार्डाची परीक्षा द्या. ते कार्ड असलेला माणूस कस्टम्सच्या दारात स्वतः उभा राहू शकतो.

बेनापोलला माल उतरला की ड्रायव्हरने उतरवल्याची सही-शिक्क्याची पावती आणायचीच; बाकी भाडं तिच्यावर मिळतं. फुटतूट असेल तर पावतीवर तिथल्या तिथे लिहून घ्यायचं. मालधनीला दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस लागते, आणि बिल्टीवर मालाची जादा किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. ती पावती हातात आली की डानकुनीच्या दलालाला फोन करा. परतीचं भाडं नागपूरपर्यंत मिळालं तरी घ्या. रिकामी गाडी नाशिकपर्यंत आणली तर त्या फेरीत काही उरत नाही.