रिंगची गॅप आणि माझी घाई

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवल्यावर दोनच आठवड्यांत इंजिन धूर ओकायला लागलं. हेड काढून पिस्टन बाहेर घेतला, तर वरच्या रिंगची (पिस्टनभोवती बसणारं, एका जागी कापलेलं धातूचं कडं) दोन्ही टोकं आरशासारखी चकाकत होती आणि बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या भोकाच्या भिंतीवर, उभे ओरखडे. म्हणजे उष्णतेने रिंग फुगली, टोकं एकमेकांना भिडली आणि तिला जायला जागाच उरली नाही. चूक माझीच, पाकिटातल्या रिंगा गॅप (दोन टोकांमधली फट) न मोजता तशाच चढवल्या होत्या.

ब्लॉक रीबोअर (भोक कापून मोठं करणं) आणि होनिंग (आतली भिंत घासून नीट करणं) करून आणला. बोअर आता 81 मिमी. वरची रिंग यावेळी स्टीलची घेतली, कारण साधी कास्ट आयर्न टर्बोच्या दाबाखाली तुटू शकते. रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलली आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) गॅप मोजली: 0.30 मिमी. साध्या इंजिनाला ठीक, टर्बोला कमी. बोअरला 0.006 ने गुणून हवी ती गॅप 0.49 मिमी आली. एकाच टोकाला, बाहेरून आत, हळूहळू घासत गेलो. जास्त घासलं की रिंग भंगारात! दुसऱ्या रिंगची गॅप किंचित जास्त ठेवली, रिंगवरच्या ठिपक्याची बाजू वर.

धूर गेला.