गुडघ्यावर सुई की मधमाशी? संशोधन पारखून निर्णय कसा घ्यावा

कापसाची वेचणी संपत आली की खानदेशातील घराघरांत गुडघ्यांची तक्रार सुरू होते. यावल तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या हिवाळ्यात “गुडघा भलता दुखस” असे महिनाभर म्हटल्यावर अखेर आठवडी बाजारात मध विकणाऱ्या एका माणसाकडून गुडघ्यावर दोन मधमाश्या चावून घेतल्या. ‘वात निघून जातो’ असे त्याने तिला सांगितले होते. दोन दिवस तिला खरोखर बरे वाटले, तिसऱ्या दिवशी दुखणे पूर्ववत झाले आणि सूज मात्र आठवडाभर राहिली. असा उपचार करून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आधी काय तपासावे, यासाठी हे टिपण आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सुई आणि विष हे दोन वेगळे प्रश्न मानावेत. ॲक्युपंक्चरमध्ये केसाहून थोडी जाड, निर्जंतुक सुई ठरावीक बिंदूंवर टोचतात आणि तिच्यातून शरीरात काहीही सोडले जात नाही. मधमाशीच्या विषाच्या उपचारात मात्र एक तर शुद्ध केलेले, पातळ केलेले विष इंजेक्शनने बिंदूवर देतात (ही पद्धत प्रामुख्याने कोरियात रुजली), किंवा जिवंत माशीच त्या जागी चावू देतात. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवला जात असेल, तर तेथेच सावध व्हावे.

सुईविषयीचा कोणताही दावा ऐकला की एकच प्रश्न विचारावा : तुलना कशाशी केली? गुडघ्याच्या झिजेवरील एक जर्मन चाचणी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात २९४ रुग्ण होते आणि आठ आठवड्यांत बारा बैठका दिल्या गेल्या. शून्य ते शंभर अशा त्रासाच्या मोजपट्टीवर, म्हणजे आकडा जितका कमी तितका आराम अधिक, नुसती वाट पाहणाऱ्यांचा आकडा आठ आठवड्यांनंतर ४९.६ होता. बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांचा ३५.८, तर रीतसर ॲक्युपंक्चर घेतलेल्यांचा २६.९ होता. म्हणजे वाट पाहणारे आणि रीतसर उपचार घेणारे यांच्यातील सुमारे तेवीस गुणांच्या फरकापैकी जवळजवळ चौदा गुण चुकीच्या जागी टोचूनही मिळाले, आणि योग्य बिंदूंच्या वाट्याला सुमारे नऊ आले. वर्षाअखेरीस तर खऱ्या आणि वरवरच्या सुयांमधील फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने उरलाच नाही. हे नऊ गुण मी क्षुल्लक मानत नाही. ज्याला पोटाच्या विकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, त्याला तेवढ्यानेही दिवस सुसह्य होऊ शकतो. मात्र ‘मुळापासून बरे करतो’ असा फलक दिसला, तर हे तीन आकडे आठवावेत.

सुईने दाह, म्हणजे शरीरातील सूज-जळजळ, कमी होण्यामागे काही यंत्रणा आहे का, याचा शोध प्रयोगशाळेत सुरू आहे. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगात मागच्या पायातील ‘झुसानली’ या बिंदूवर, जो माणसात गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूस येतो, सौम्य वीजप्रवाह दिला असता विशिष्ट संवेदी चेतापेशींद्वारे व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी चेता) आणि अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरील ग्रंथी) यांचा मार्ग जागा होऊन दाह घटला. पोटावरील बिंदूने तसे झाले नाही. जागेला अर्थ असू शकतो, असे हा प्रयोग सुचवतो. पण तो उंदरांवर झाला, दाह जीवाणूंच्या विषाने घडवलेला होता आणि सुईला वीज जोडलेली होती, हे विसरून त्यातून आपल्या गुडघ्याचा निष्कर्ष काढू नये.

विषाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मधमाशीच्या कोरड्या विषाचा सुमारे अर्धा भाग मेलिटिन या २६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनासारख्या छोट्या साखळीचा, असतो आणि ते पेशींचे पडदे फोडते. गंमत अशी की वेदनेचा अभ्यास करणारे संशोधक उंदराच्या पंजात हेच विष टोचून मुद्दाम वेदना निर्माण करतात, तर कोरियन प्रयोगांत तेच विष पातळ करून झुसानलीवर दिल्यावर उंदरांची वेदना कमी झाल्याचे दिसले. मात्रा आणि जागा यांवर सारे अवलंबून आहे, आणि जिवंत माशीच्या डंखात मात्रा आपल्या हाती नसते. काटा त्वचेत रुतून राहतो, त्याला चिकटलेली विषाची पिशवी माशी निघून गेल्यावरही आकुंचन पावत राहते आणि वीस सेकंदांत बहुतेक विष आत उतरते. म्हणूनच चुकून माशी चावल्यास नखाने, चिमट्याने, कसाही असो, पण काटा ताबडतोब काढावा. मावशीच्या गुडघ्यात तो ‘गुण यावा म्हणून’ दहा मिनिटे ठेवला होता. तिला दोन दिवस बरे का वाटले, याचे सरळ उत्तरही आहे : नवी तीव्र वेदना जुनीला काही काळ झाकते, आणि झिजेचे दुखणे तसेही कमी-अधिक होत राहते.

माणसांवरील चाचण्या फारशा उत्साहवर्धक नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या विकाराच्या २६ रुग्णांना २४ आठवडे माश्यांचे डंख देऊन २००५ मध्ये तपासले, तेव्हा लाभ आढळला नाही. २०१८ मध्ये स्पेनमधील एका ५५ वर्षांच्या महिलेचा डंखानंतरच्या तीव्र ॲलर्जीने झालेला मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. ती दोन वर्षे नियमित डंख घेत होती आणि तोवर तिला काहीच त्रास झाला नव्हता. त्यामुळे ‘मला पूर्वी चावली, काही झाले नाही’ हा आधार कोणीही धरू नये. माझे मत स्पष्ट आहे : जिवंत माशीला नकार द्यावा.

इंजेक्शनच्या रूपात विष देऊ करणाऱ्यास, तो डॉक्टर असला तरी, त्वचेवरची चाचणी आधी करणार का, ॲड्रेनलिन (जीवघेण्या ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) समोर तयार आहे का आणि नंतर किमान अर्धा तास बसवून ठेवणार का, हे विचारावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण अशा रुग्णात ॲड्रेनलिनचा परिणाम अपुरा पडू शकतो. अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाल्यास मांडीच्या बाहेरील भागात ॲड्रेनलिन तत्काळ द्यावे लागते. अशा वेळी नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. रुग्णाला आडवे करून १०८ वर फोन करावा. सातपुड्याच्या पाड्यावरून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत किती वेळ लागतो, याचा हिशेब ज्याने त्याने आधीच करावा.

सुईचा पर्याय निवडल्यास उपचारकाची नोंदणी पाहावी आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही याकडे लक्ष द्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, मधुमेहाने पाय बधिर झाले असल्यास किंवा पेसमेकर बसवला असल्यास ते सांगितल्याशिवाय टेबलावर झोपू नये. सांधा एकाएकी लाल, गरम झाला असेल व सोबत ताप असेल, तर सुई नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत; आणि संधिवाताची चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

उपचाराआधी दोन आठवडे रोज रात्री वेदनेचा शून्य ते दहा असा आकडा वहीत लिहावा आणि उठता-बसता, जिना चढताना काय होते तेही टिपावे. हीच नोंद उपचारभर चालू ठेवून सहा बैठकांनंतर ती उपचारकासमोर उघडावी. आकडा हललेला नसेल, तर पुढच्या सहांचे पैसे आगाऊ भरू नयेत. मावशीने आता अशी वही केली आहे. पहिल्या पानावर सात, सात, सहा, आठ असे आकडे आहेत, आणि आठाच्या पुढे तिने लिहिले आहे, ‘आज दिवसभर शेतात.’