तांबोपाताला स्वयंसेवक म्हणून जाताना

पेरूच्या आग्नेय कोपऱ्यात, बोलिव्हियाच्या सीमेलगत तांबोपाताचं राखीव जंगल आहे, सुमारे पावणेतीन लाख हेक्टर. मकाव पोपटांची मोजणी, कॅमेरा ट्रॅपमधले (प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतले) फोटो निवडणं, पायवाटा साफ ठेवणं अशा कामांसाठी तिथे बाहेरची माणसं घेतात. जायचं ठरलं की आपण आधी सॅक आणि चाकू बघायला दुकानात धावतो. ते शेवटी. सुरुवात दंडापासून करा, म्हणजे लस टोचून घेण्यापासून.

यलो फीव्हरची लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिचा दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात, त्यामुळे ती निघायच्या आठवड्यावर ढकलू नका. दाखला आता जन्मभर चालतो. तो जपायचा मुख्यतः परतीसाठी: पेरू सोडून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि या दाखल्याचं पिवळं कार्ड हातात नसेल, तर घरी जाण्याऐवजी विलगीकरणात जाल. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. त्याच भेटीत रेबीजच्या आगाऊ लशीबद्दल आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही विचारून घ्या. ॲमेझॉनमध्ये रक्त पिणाऱ्या वटवाघळांमुळे रेबीज होतो, आणि नदीकाठच्या तळावरून दवाखाना म्हणजे होडीतले काही तास.

कागदपत्रांत एक गोम आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, तर भारतीयांना पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण तुम्ही जाताय कामाला, मग ते बिनपगारी का असेना. त्यामुळे दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाला लेखी विचारा. आणि स्वस्त तिकीट अमेरिकेवरून मिळालं म्हणून हुरळू नका, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

पैसे भरण्याआधी संस्थेला थेट प्रश्न विचारा. रोज नेमकं काय काम करायचं? माझ्या पैशातलं स्थानिक माणसांच्या पगाराला किती जातं? जमवलेली माहिती कोण वापरतं? जाहिरातीत माकडाच्या पिल्लाला कडेवर घेतलेले स्वयंसेवक दिसले, तर ती संस्था माझ्या मते तिथेच बाद.

आता कपडे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना वाटतं, ओलं होणं आपल्याला नवं नाही. खरं आहे, पण आपण रात्री घरी येऊन कपडे वाळत घालतो. तिथे ते वाळतच नाहीत. जीन्स नकोच. पातळ, लांब बाह्यांचे, फिक्या रंगाचे शर्ट घ्या, मोजे भरपूर घ्या, आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट तळावर मिळतात का ते विचारा. मिळत असले तरी आपल्या मापाचे आहेत ना, हे आधी ठरवून घ्या. सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटे करून झटकायचे. कॅमेरा आणि औषधं झिपच्या पिशव्यांत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

आणि एक स्वेटर. हसू नका. साधारण मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड हवेची लाट येते, तिला तिथे फ्रियाहे म्हणतात. दोन-तीन दिवस पारा बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो आणि जाळीच्या भिंतींच्या खोलीत कुडकुडायला होतं. नोव्हेंबर ते मार्चच्या पावसाळ्यात गेलात तर काळजी वेगळी: ब्राझील नटची किलो-दीड किलोची टणक फळं उंच झाडांवरून पडतात. वारा सुटला की त्या झाडांखाली थांबायचं नाही.

पोपटांची मोजणी पहाटे सुरू होते. ते नदीकाठच्या दरडीवर माती खायला येतात, कारण तिच्यात सोडियम असतं आणि ते तिथल्या इतर खाण्यात फार कमी मिळतं. तुम्हाला अंधारात निघून हलकेच बसून राहायचं आहे. म्हणून डोक्याला बांधायची, लाल उजेडाची सोय असलेली विजेरी, दुर्बीण आणि न खुसखुसणारा रेनकोट हवा. चाकूची गरज मला तरी सुचत नाही.

शाकाहारी असाल तर आधी कळवा. भात, डाळी, अंडी, केळी आणि युका यांवर निभतं. युका म्हणजे ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तोच, त्यामुळे उपवासवाल्यांची चैन. मेतकूट, चटणी न्यायची असेल तर बंद पाकिटातली न्या आणि विमानतळावरच्या फॉर्मवर न लपवता लिहा. थोडं स्पॅनिशही शिका, निदान आकडे आणि दुखण्याचे शब्द. नावाडी इंग्रजी बोलेलच असं नाही.

रोख पैसे पुएर्तो माल्दोनादो या जंगलाजवळच्या शहरातच काढून ठेवा, शक्यतो सुट्या सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात. नदीवर वर गेल्यावर एटीएम नाही. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या. कडेला जरा फाटलेली नोटही पेरूत कोणी घेत नाही.