वेल्डिंगमध्ये नवीन आहात? होल्डरच्या ८० व्होल्टकडे आधी बघा

आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत कामाला लागलेली पोरं मशीनला येणाऱ्या ४१५ व्होल्टच्या थ्री फेजला बिचकून असतात. तीच पोरं रॉड बदलताना होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड पकडणारा हातातला चिमटा, बिनधास्त काखेत धरतात. इतकी वर्षं शॉपमध्ये हेच बघत आलोय, म्हणून आधी होल्डरबद्दल.

मशीन चालू आहे, पण आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) पेटलेला नाही, तेव्हा होल्डर आणि जॉबमध्ये (वेल्ड करायच्या लोखंडात) साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. आर्क पेटला की तेच २०-३० वर येतात. म्हणजे जपायचं ते रॉड बदलताना. घामानं भिजलेल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरा, ८० व्होल्टला ८० मिलीअँपिअर होतात. एसीला १०-१५ मिलीअँपिअरलाच मूठ आवळते आणि सुटत नाही.

‘बोर्डावर ईएलसीबी आहे की!’ हे उत्तर ठरलेलं. ईएलसीबी म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी हवाच. सप्लायची केबल सोलून फेज बॉडीला लागला तर तोच वाचवतो. पण होल्डरच्या शॉकला तो पडत नाही. मशीनच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (होल्डरकडची बाजू) प्रायमरीपासून (बोर्डाकडच्या बाजूपासून) वेगळी असते. तुमच्या अंगातून गेलेला करंट सेकंडरीतच फिरून परत येतो, बोर्डाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे हे अंगावर येतं ते पावसाळ्यात. चिकोडी, निपाणी, अथणी भागातल्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की मेंटेनन्स निघतो आणि तो भर पावसापर्यंत चालतो. ठेकेदाराबरोबर गेलात तर कधीतरी रस आटवायच्या टाकीत, म्हणजे पॅनमध्ये नाहीतर इव्हॅपोरेटरच्या बॉडीत, उतरावं लागणारच. आत माणूस लोखंडावर बसलेला, पाठ लोखंडाला टेकलेली, बनियन चिंब, हातमोजेसुद्धा ओले. अशा जागी जुनं एसी ट्रान्सफॉर्मर मशीन नकोच. व्हीआरडी असलेलं डीसी इन्व्हर्टर मागा. वेल्डिंग थांबलं की व्हीआरडी होल्डरवरचं व्होल्टेज एकदम खाली आणतो. बुडाखाली कोरडी फळी किंवा रबर मॅट घ्या, हातमोज्यांची कोरडी जोडी जवळ ठेवा. उजेडासाठी २४ व्होल्टचा हँडलॅम्प लागतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३६-अ मध्येच ते होतं, तरी २३० व्होल्टचा बल्ब आत लोंबकळताना दिसतो. तो काढायला सांगा.

बाहेर स्विचपाशी एक हेल्पर फक्त तुमच्याकडे लक्ष ठेवायला हवा. हेल्पर बहुतेक कन्नड बोलणारा असतो, तेव्हा आत उतरण्याआधी हाक ठरवून घ्या. ‘बंद कर’ काय नि ‘बंद माडू’ काय, ‘बंद’ दोघांनाही कळतं. आतला माणूस चिकटला तर हेल्परनं आधी मेन पाडायचा. तो पाडेपर्यंत हात लावायचा नाही.

रिटर्नचा क्लॅम्प, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणाऱ्या केबलचा चिमटा, जॉबवरच लावा, वेल्डच्या जवळ, गंज घासून. तो शेडच्या खांबाला अडकवून काम उरकणारे मिस्त्री भेटतीलच. मग शे-दीडशे अँपिअर मिळेल त्या वाटेनं परत येतात, क्रेनच्या साखळीतून, मोटरच्या बेअरिंगमधून, नाहीतर शेजारच्या मशीनच्या अर्थिंगमधून. ती अर्थिंगची वायर आतल्या आत जळते. पुढं कधीतरी त्या मशीनच्या बॉडीत करंट उतरतो आणि शॉक बसतो भलत्यालाच.

प्लाझ्मा कटरचा हिशोब वेगळा. तिथं टॉर्चला २००-३०० व्होल्ट आणि वरही असतात. मेन बंद केल्याशिवाय नोझलला हात नाही. इन्व्हर्टर मशीनचं झाकण तर मेन पाडल्यावरही लगेच उघडू नका, कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात.

राहिला होल्डर. रोज सकाळी हातात घेऊन नीट बघा. जबड्यावरचं इन्सुलेशन फुटलं असेल, केबल होल्डरपाशी सोलली असेल, तर टेप गुंडाळून चालवू नका, नवा मागा. मिस्त्री कुरकुरेल. कुरकुरू दे.