लॅब येते, थिअरी अडते: नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेतल्या 'का?' प्रश्नांची तयारी

'एकाच इथरनेटवर पाच राउटर ओएसपीएफ चालवत आहेत. त्यातले दोन एकमेकांशी टू-वे अवस्थेतच थांबले आहेत. हा बिघाड आहे का? कारण लिहा.'

ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी आपसात मार्गांची माहिती वाटून घ्यायची पद्धत, आणि टू-वे ही त्यातली दोघांनी एकमेकांना ओळखल्याची अवस्था. माझ्या पहिल्या सराव परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा मी बेधडक लिहिलं, 'हो, बिघाड आहे, एमटीयू तपासावा.' उत्तर चूक होतं. अशा जाळ्यात प्रत्येक राउटर फक्त डीआर आणि बीडीआरशी, म्हणजे निवडलेल्या मुख्य आणि राखीव राउटरशी, फुल (माहिती पूर्ण जुळल्याच्या) अवस्थेत जातो. उरलेले राउटर आपसात टू-वेवरच थांबतात आणि तसंच अपेक्षित असतं. एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, जुळत नसेल तर गाडी त्यापुढच्या एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज अवस्थेला अडकते, टू-वेला नाही. हे दृश्य मी तोपर्यंत पडद्यावर कितीतरी वेळा पाहिलं होतं. शेजाऱ्यांची यादी काढायची, पिंग लागतंय ना बघायचं आणि पुढे जायचं, एवढंच केलं होतं. असं का दिसतं, हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षेत थिअरी घालायची पद्धत नवी नाही. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने सीसीआयई रूटिंग अँड स्विचिंग या आपल्या तज्ज्ञ-प्रमाणपत्राच्या लॅब परीक्षेत २००९ साली चार छोटे लेखी प्रश्न आणले होते. पुढे ते काढले गेले, पण ज्याच्या हाताला सवय आहे त्याला खरंच समजलंय का, हे तपासायची गरज संपलेली नाही. म्हणून थिअरीसाठी वेगळा महिना काढू नका. लॅबच्या तासांतूनच ती कशी काढायची, ते सांगतो.

पायरी १: अभ्यासक्रमातली क्रियापदं रंगवा

परीक्षा घेणारी संस्था विषयांची अधिकृत यादी देते, ती छापून घ्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं क्रियापद बघा. 'कॉन्फिगर करा', 'तपासा' असेल तिथे एक रंग. 'समजावून सांगा', 'वर्णन करा', 'तुलना करा' असेल तिथे दुसरा. दुसऱ्या रंगाच्या ओळी म्हणजे तुमची थिअरी. पहिल्या रंगाच्या ओळी सोडून द्यायच्या असं मात्र नाही. जे लावायला सांगतात त्याचंच 'का' विचारतात.

पायरी २: एंटर दाबण्याआधी अंदाज लिहा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. वही शेजारी ठेवा. कमांड टाइप केली की थांबा, काय होईल ते एका ओळीत लिहा आणि मगच एंटर दाबा. अंदाज बरोबर आला तर पुढे चला. चुकला तर त्या ओळीखाली कारण शोधून लिहा. महिनाभरात ही चुकलेल्या अंदाजांची वही कुठल्याही तयार नोट्सपेक्षा मोलाची होते, कारण त्यात नेमकं तुम्हाला न कळलेलं तेवढंच असतं.

स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे स्विचच्या जाळ्यात गोल फिरणारी वाट बंद ठेवणाऱ्या पद्धतीचं, उदाहरण घ्या. तीन स्विच त्रिकोणात जोडा: अ, ब आणि क. अ हा रूट ब्रिज (मुख्य स्विच) करा, आणि ब-क जोडणीवरचा क कडचा पोर्ट ब्लॉकिंगमध्ये राहील असं बघा. स्विचवर रॅपिड प्रकार चालू असेल तर जुना ८०२.१डीचा प्रकार लावा, नाहीतर क्षणात सगळं उरकतं आणि हाती काही लागत नाही. आता क च्या संगणकावरून अ च्या संगणकाला सतत पिंग सोडा, घड्याळ हातात घ्या आणि अ-क वायर उपटा. किती वेळ पिंग बंद राहील? अंदाज लिहिलात? साधारण ३० सेकंद. वायर पुन्हा जोडा, सगळं स्थिर होऊ द्या. या वेळी ब च्या संगणकावरून पिंग सोडून अ-ब वायर उपटा. आता जवळपास ५० सेकंद लागतात.

दोन्ही वेळा एक-एकच वायर तुटली, मग २० सेकंदांचा फरक कुठून आला? पहिल्या वेळी क चा स्वतःचा रूट पोर्ट (रूटकडे नेणारा पोर्ट) पडला. ब्लॉक असलेल्या पोर्टवर त्याला ब कडून रूटची खबर येतच होती, त्यामुळे तो तडक लिसनिंगला गेला. पोर्ट सुरू होण्याआधीचे टप्पे दोन: १५ सेकंद लिसनिंग, १५ लर्निंग, झाले ३०. दुसऱ्या वेळी क ची कुठलीच वायर तुटलेली नाही. रूट हरवलेला ब 'आता मीच रूट' असं सांगू लागतो, पण क कडे त्याहून चांगली माहिती साठवलेली असते. ती शिळी होईपर्यंत, म्हणजे मॅक्स एजचे २० सेकंद, क वाट पाहतो आणि मग पुढचे ३० सुरू होतात. ज्याने हे घड्याळ लावून पाहिलंय, त्याला 'मॅक्स एज म्हणजे काय?' या प्रश्नाची भीती उरत नाही.

पायरी ३: आकडे दोन ढिगांत वाटा

एक ढीग कारण असलेल्या आकड्यांचा. व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी जाळी) ४०९४ च का? फ्रेमवरच्या टॅगमध्ये त्या क्रमांकाला १२ बिट मिळतात, म्हणजे ४०९६ शक्यता, त्यातले ० आणि ४०९५ राखीव. आरआयपी या मार्ग शोधायच्या पद्धतीत १६ हॉप (वाटेतले राउटर) म्हणजे अनंत का? चुकीचा मार्ग राउटरांमध्ये फिरत राहिला तरी मोजणी कुठेतरी थांबावी म्हणून. हे आकडे पाठ करू नका, कारण लक्षात ठेवा. आकडा मागोमाग येतो.

दुसरा ढीग निव्वळ ठरवून दिलेल्या आकड्यांचा. पोर्ट क्रमांक बघा: एसएसएच २२, डीएनएस ५३, टीएफटीपी ६९, एनटीपी १२३, एसएनएमपी १६१. सिस्कोच्या राउटरवर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्ग कुठून कळला त्यावरचा विश्वास, आकडा कमी तितका जास्त) स्टॅटिकला, म्हणजे हाताने लिहिलेल्या मार्गाला, १, ईआयजीआरपीला ९०, ओएसपीएफला ११०, आरआयपीला १२०. इथे घोकंपट्टीला पर्याय नाही. एका कागदावर लिहा, रोज सकाळी कोऱ्या कागदावर आठवून उतरवा, मग ताडून बघा. नुसतं वाचत बसलात तर सगळं येतंय असं वाटतं आणि ऐन वेळी आठवत नाही.

पायरी ४: पॅकेट उघडून बघा

वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) सुरू करा आणि संगणकाला डीएचसीपीने, म्हणजे सर्व्हरकडून आपोआप, पत्ता घ्यायला लावा. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक असे चार संदेश दिसतील. पहिल्या संदेशात पाठवणाऱ्याचा पत्ता ०.०.०.० आणि जाण्याचा २५५.२५५.२५५.२५५ असेल. आता तिसऱ्यावर थांबा. ऑफर देणारा सर्व्हर कोण ते संगणकाला कळलंय, तरी रिक्वेस्ट पुन्हा ब्रॉडकास्टच का? कारण जाळ्यात दुसऱ्याही सर्व्हरने ऑफर दिलेली असू शकते. आपली ऑफर स्वीकारली गेली नाही हे त्यालाही कळायला हवं, म्हणजे राखून ठेवलेला पत्ता तो मोकळा करतो. एआरपी, टीसीपीची तीन संदेशांची सुरुवात आणि डीएनएसची विचारणाही अशीच उघडून बघा.

शंका उरली तर मूळ आरएफसीकडे, म्हणजे त्या पद्धतीच्या अधिकृत दस्तऐवजाकडे, जा. ओएसपीएफसाठी २३२८, डीएचसीपीसाठी २१३१. आरएफसी पूर्ण वाचायची गरज नाही. २३२८ मधला शेजाऱ्यांच्या अवस्थांचा भाग वाचला असता तर टू-वेचा तो प्रश्न माझ्या हातून गेला नसता.

पायरी ५: उत्तर तीन ओळींत लिहायची सवय लावा

येतं, पण लिहिता येत नाही, ही तक्रार मी फार ऐकतो. साचा सोपा आहे: आधी उत्तर, मग कारण, मग लागलीच तर अट.

समजा प्रश्न असा आहे: राउटरकडे १०.१.०.०/१६ चा स्टॅटिक मार्ग आहे आणि १०.१.१.० /२४ चा आरआयपीने शिकलेला. १०.१.१.५ ला निघालेलं पॅकेट कुठून जाईल? पुष्कळ जण 'स्टॅटिकचा डिस्टन्स १, म्हणून स्टॅटिक' असं लिहून मोकळे होतात. बरोबर उत्तर असं: 'आरआयपीच्या मार्गाने. पॅकेट पाठवताना सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा जाळं सांगणारा भाग) निवडला जातो आणि /२४ हा /१६ पेक्षा नेमका आहे. डिस्टन्सची तुलना प्रीफिक्स आणि त्याची लांबी तंतोतंत सारखी असेल तेव्हाच होते.' तीन वाक्यं, बास. पानभर लिहिलं तर त्यात एखादं चुकीचं वाक्य शिरतं.

रोज असे पाच प्रश्न लिहा. पैकी एखादा मित्राला तोंडी समजावा. तो 'म्हणजे?' म्हणाला की तिथेच तुमचं समजणं कच्चं आहे.

सबनेटिंग, म्हणजे पत्त्यावरून जाळं ओळखायचं गणित, याच वेळात उरकून घ्या. १७२.१६.४५.२००/२० कुठल्या जाळ्यातला? तिसऱ्या आकड्यात १६-१६ च्या उड्या, ४५ येतो ३२ ते ४७ मध्ये, म्हणून जाळं १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. अर्ध्या मिनिटात जमेपर्यंत रोज दहा करा.

एक विनंती कळकळीने करतो. फुटलेल्या प्रश्नांचे संच घेऊ नका. त्याने परीक्षेचा करार मोडतो आणि निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय त्यांतली उत्तरं किती वेळा चुकीची असतात, हे स्वतः अभ्यास केल्याशिवाय कळतही नाही.

परीक्षेच्या दिवशी

प्रश्न दोनदा वाचा. 'नाही', 'कोणते दोन', 'सर्वांत आधी' हे शब्द मनात अधोरेखित करा. उत्तर सुचत नसेल तर खालच्या थरापासून वर चला: वायर, फ्रेम, पत्ता, मार्ग, पोर्ट. प्रश्न नेमका कुठल्या थरातला आहे हे सापडलं की बहुतेक वेळा चुकीचे पर्याय गळून पडतात. थिअरीसाठी किती मिनिटं द्यायची ते आत जाण्याआधीच ठरवा आणि ती संपली की, परत येता येत नसेल तर उत्तर नोंदवून, लॅबकडे वळा.

निकालात विषयवार गुण मिळाले तर त्याच संध्याकाळी ते रंगवलेल्या यादीशी ताडून बघा. पास झाला असलात तरी. जिथे गुण कमी, ती ओळ पुन्हा लॅबमध्ये लावा आणि एंटर दाबण्याआधी अंदाज लिहा.