कॉन्फरन्स रूमच्या टेबलावरचा आयपॅड: झूम रूम्सचा कंट्रोलर लावायचा कसा

झूम रूम्स म्हणजे कॉन्फरन्स रूममध्ये कायमची बसवलेली झूमची व्हिडिओ मीटिंगची व्यवस्था. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातं. टेबलावर ठेवलेला तो आयपॅड मीटिंग चालवत नाही. मीटिंग चालवतो टीव्हीच्या मागे किंवा खालच्या कपाटात बसवलेला कॉम्प्युटर, कॅमेरा माइक स्पीकर सगळं त्यालाच जोडलेलं असतं, आणि आयपॅड म्हणजे फक्त त्याचा रिमोट. आवाज येत नाही म्हणून आयपॅडचा व्हॉल्यूम वाढवत बसणारे लोक मी रोज बघतो, त्याचा काही उपयोग नाही कारण आवाज तिथून येतच नाही. मी पुणे-पिंपरीच्या भागात ऑफिसांमध्ये, पतसंस्थांमध्ये, कॉलेजांमध्ये ह्या रूम्स लावून देतो आणि दहातल्या आठ तक्रारी ह्या रिमोटचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं तुटल्याच्या असतात.

आयपॅड विकत घेण्याआधी दोन गोष्टी. पहिली म्हणजे झूम रूम्सचं लायसन्स वेगळं लागतं, तुमच्याकडे झूमचं पेड अकाउंट आहे म्हणजे रूम आपोआप मिळते असं नाही, एका रूमला एक लायसन्स. दुसरी, आयपॅड कोणाच्या ॲपल आयडीवर (आता त्याला ॲपल अकाउंट म्हणतात) सुरू करताय ते आधी ठरवा. हे मी कळकळीने सांगतोय. एका ऑफिसात ॲडमिन विभागातल्या एका मुलाने घाईघाईत स्वतःचा ॲपल आयडी टाकून आयपॅड चालू करून दिला, वर्षभराने तो नोकरी सोडून गेला, नंतर कोणीतरी आयपॅड रिसेट केला आणि तो थेट त्या मुलाचा पासवर्ड मागायला लागला. नंबर बदललेला, माणूस सापडेना, तीन आठवडे रूम बंद. तेव्हा कंपनीच्या नावाचा ईमेल काढा, त्यावर ॲपल आयडी करा आणि पासवर्ड कंपनीकडे ठेवा.

आता कॉम्प्युटर. मॅक मिनी घ्या किंवा छोटा विंडोज पीसी, दोन्ही चालतं. पण त्याला वायरनेच नेट द्या, वायफायवर नको. टीव्हीला एचडीएमआय, कॅमेऱ्याला यूएसबी, माइक-स्पीकरला यूएसबी. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरच्या वर जात नाही, जास्त स्पीडची यूएसबी ३ तर ३ मीटरलाच नखरे करायला लागते, आणि लोक काय करतात, फॉल्स सीलिंगमधून १० मीटरची स्वस्तातली एक्स्टेन्शन ओढतात आणि मग कॅमेरा मधेच गायब होतो म्हणून फोन. लांब न्यायचीच असेल तर सिग्नल वाढवणारी ॲक्टिव्ह केबल घ्या, नाहीतर कॅट सिक्स नेटवर्क केबलवरून चालणारा एक्स्टेंडर लावा. टेबलाला भोक पाडायला सुतार आला की त्याला ६० एमएमचं ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) लावायला सांगा. लहान भोकातून वायर जाते पण एचडीएमआयचं डोकं जात नाही, मग पुन्हा सुताराला बोलवा, पुन्हा टेबल रिकामं करा.

पीसीवर रूमसाठी वेगळा लोकल युजर काढा, पीसी चालू झाला की तो आपोआप लॉगिन होईल आणि झूम रूम्स आपोआप सुरू होईल असं लावा. स्लीप बंद. विंडोज अपडेटचे ॲक्टिव्ह अवर्स (पीसी आपोआप रिस्टार्ट होऊ नये ती वेळ) ऑफिसच्या वेळेप्रमाणे लावा, नाहीतर सकाळी साडेदहाला संचालक मंडळ बसलेलं आणि टीव्हीवर अपडेटचं गोल गोल फिरतंय असं होतं. आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं ते लाइटचं. बायोसमध्ये (पीसीच्या विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन लाइट गेल्यावर परत आली की पीसी आपोआप चालू व्हावा ही सेटिंग ऑन करा, वेगवेगळ्या बोर्डवर नाव थोडं वेगळं असतं पण एसी पॉवर लॉस किंवा पॉवर रिकव्हरी असं काहीतरी सापडेल. मॅकमध्ये हेच एनर्जीच्या सेटिंगमध्ये आहे. ही केली नसेल तर काय होतं सांगतो. लाइट जाते, आयपॅड स्वतःच्या बॅटरीवर मस्त चालू राहतो, लाइट येते, टीव्ही चालू होतो, पीसी मात्र बंदच. आयपॅडवर कनेक्ट होतोय एवढंच दिसत राहतं आणि सगळे म्हणतात आयपॅड बिघडला. आयपॅड बिचारा ठीक असतो. पीसीला आणि नेटवर्कच्या स्विचला छोटा यूपीएस दिलात तर हा प्रश्नच येत नाही.

मग झूमच्या वेबसाइटवर ॲडमिन म्हणून लॉगिन करा, रूम मॅनेजमेंटमध्ये जाऊन नवीन रूम काढा. रूमला नाव असं द्या की बाहेरच्या माणसालाही कळेल, 'दुसरा मजला मोठी रूम' हे 'सीआर-०२' पेक्षा केव्हाही चांगलं. इथेच टाइम झोन बघा, कोलकाता म्हणजे आपला ५:३० वाला झोन निवडलाय ना. हा चुकला तर रूमच्या स्क्रीनवर मीटिंग भलत्याच वेळेला दिसतात आणि माणूस कॅलेंडरला दोष देत बसतो. रूमचा पासकोडही तुमच्या मनाने ठेवा आणि कुठेतरी लिहून ठेवा, कंट्रोलरमधल्या सेटिंग उघडायला तोच लागतो. पीसीवर झूम रूम्स इन्स्टॉल केलं की टीव्हीवर कोड येतो, तो वेबसाइटवर टाकून पीसी रूमशी जोडून घ्या.

आता आयपॅड. ॲप स्टोअरवरून झूम रूम्स कंट्रोलर हे ॲप घ्या, साधं झूमचं ॲप नव्हे, ते वेगळं. उघडल्यावर टीव्हीवरचा कोड टाका किंवा त्याच अकाउंटने लॉगिन करून तीच रूम निवडा. कंट्रोलर की शेड्यूलिंग डिस्प्ले असं विचारलं तर कंट्रोलर निवडायचं, दुसरं म्हणजे दाराबाहेर लावतात ती रूम बुक असल्याची पाटी.

आणि इथेच घोडं पेंड खातं. कोड टाकला, आयपॅडने स्वीकारला, आणि पुढे नुसतं फिरत राहतं. ह्याचं कारण जवळजवळ नेहमी नेटवर्क. आयपॅड पीसीशी टीसीपी ९०९० पोर्टवर (नेटवर्कवरचं ह्या नंबरचं दार) बोलतो, म्हणजे दोघांना एकमेकांपर्यंत पोचता आलं पाहिजे. आयपॅड गेस्ट वायफायवर असेल तर तो पोचत नाही, कारण गेस्ट वायफायवर बहुतेक ठिकाणी क्लायंट आयसोलेशन चालू असतं, नेट मिळतं पण आतल्या कुठल्याही मशीनशी बोलता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, पाहुण्यांसाठी तसंच हवं. मी एका कारखान्याच्या ऑफिसात शनिवारी सगळं तपासून, दाखवून, चहा घेऊन निघालो आणि सोमवारी सकाळी फोन, की तुमचा कंट्रोलर मेला. गेलो तर कोणीतरी आयपॅडला गेस्ट वायफाय लावून ठेवलेलं, का तर म्हणे त्याचा स्पीड जास्त आहे. ते नेटवर्क फर्गेट केलं, ऑफिसचं जोडलं, दोन मिनिटांत चालू. तेव्हापासून मी गेस्ट वायफायचा पासवर्ड आयपॅडमध्ये कधीच टाकत नाही आणि कोणी टाकला असेल तर आधी काढून टाकतो.

मोठं ऑफिस असेल आणि व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) वेगळे असतील तर आयटीवाल्याला एकच वाक्य सांगा: आयपॅडच्या व्हीलॅनमधून रूमच्या पीसीच्या ९०९० वर टीसीपी उघडा. पीसीच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही बघा, अँटीव्हायरसवाल्यांची फायरवॉल हे गुपचूप अडवते. पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) डीएचसीपीमध्ये (हे पत्ते वाटणारी सोय) रिझर्व्ह करून ठेवा म्हणजे फायरवॉलचा नियम पुढच्या महिन्यात भलत्याच मशीनला लागू होणार नाही.

जमत असेल तर मी आयपॅडलाही वायरनेच नेट देतो. यूएसबी-सी असलेल्या आयपॅडला पीओई (नेटवर्क केबलमधून वीज) अडॅप्टर मिळतो, एकाच कॅट सिक्स केबलमधून चार्जिंग पण आणि नेटवर्क पण. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा की डेटा देतो का, कारण दिसायला सारखेच पण नुसती पॉवर देणारेही असतात. वायर लागली की वायफाय बंद करून टाका, म्हणजे गेस्टचा सोमवारचा किस्सा होणारच नाही.

जोडणी झाली की कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक, स्पीकर, कॅमेरा तिन्ही हाताने निवडा. आपोआप निवडलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका, बऱ्याचदा स्पीकर म्हणून टीव्ही आणि माइक म्हणून कॅमेऱ्यातला बारका माइक निवडलेला असतो आणि टेबलावरचा चांगला महागाचा माइक नुसता शोभेला. टेस्ट स्पीकर दाबा, मग माइकची टेस्ट घ्या, आणि ती टीव्हीजवळ उभं राहून नाही तर सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसून, नेहमीच्या आवाजात, एसी चालू ठेवून, कारण मीटिंगला एसी चालूच असणार. तुमच्या माइक-स्पीकरमध्ये स्वतःचं इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढून टाकणं) असेल तर झूममधलं ऑडिओ प्रोसेसिंग बंद करून बघा, दोन्ही चालू असले की शब्द तुटायला लागतात. आणि ऑफिसमधल्या सगळ्यांना सांगून ठेवा की रूममध्ये बसून लॅपटॉपवरून त्याच मीटिंगला जॉइन व्हायचं तर लॅपटॉपचा ऑडिओ जोडायचाच नाही, नाहीतर अशी शिट्टी वाजते की बाहेरचे लोक आत डोकावतात.

कॅलेंडर. हे जोडलं तरच कंट्रोलरची खरी मजा, स्क्रीनवर आजच्या मीटिंग दिसतात आणि एक बोट लावलं की सुरू. गूगल असेल तर रूमचं रिसोर्स कॅलेंडर काढा आणि ज्या अकाउंटने जोडताय त्याला बदल करायची परवानगी द्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर रूम मेलबॉक्स (रूमच्या नावाचा ईमेल) काढा, पण त्यात एक गंमतीशीर डिफॉल्ट आहे, रूमला आलेल्या निमंत्रणाचा मजकूर तो उडवून टाकतो आणि विषयाच्या जागी बोलावणाऱ्याचं नाव टाकतो. मजकूर उडाला की त्यातली जॉइनची लिंक पण उडाली, मग स्क्रीनवर मीटिंग दिसते पण जॉइनचं बटणच नाही. पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची मायक्रोसॉफ्टची खिडकी) सेट-कॅलेंडरप्रोसेसिंग ह्या कमांडने डिलीट-कमेंट्स आणि डिलीट-सब्जेक्ट दोन्ही फॉल्स करा, ॲड-ऑर्गनायझर-टू-सब्जेक्ट पण फॉल्स. बाहेरच्या कंपन्यांची निमंत्रणं रूमला फॉरवर्ड करायची असतील तर प्रोसेस-एक्स्टर्नल-मीटिंग-मेसेजेस ट्रू. एवढ्या चार गोष्टींसाठी मी पहिल्या वेळी पूर्ण दिवस घालवलाय, तुम्ही घालवू नका.

शेवटचं काम म्हणजे आयपॅड बंदिस्त करणं. नाही केलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर यूट्यूब चालू असतं आणि कंट्रोलर शोधावा लागतो. सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग गाइडेड ॲक्सेस, ते चालू करा आणि पासकोड द्या. तिथेच खाली डिस्प्ले ऑटो-लॉक आहे, ते नेव्हर करा. लोक डिस्प्लेच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ऑटो-लॉक नेव्हर करतात आणि इथलं विसरतात, मग स्क्रीन काळी पडत राहते. दोन्हीकडे करा. मग कंट्रोलर ॲप उघडून वरचं बटण, जुन्या आयपॅडला होम बटण, तीनदा पटापट दाबा, ऑप्शन्समध्ये वरचं बटण आणि व्हॉल्यूमची बटणं बंद करा, टच चालू ठेवा, स्टार्ट. पाच-सहा रूम्स असतील तर हे हाताने करत बसू नका, एमडीएमने (सगळे आयपॅड एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) सिंगल ॲप मोड लावा, तो आयपॅड रिस्टार्ट झाला तरी टिकतो.

नोटिफिकेशन बंद, आयपॅडओएसचं ऑटो अपडेट बंद, अपडेट महिन्यातून एकदा रविवारी तुम्ही स्वतः बसून करा. चोवीस तास चार्जिंगवर राहिलेल्या आयपॅडची बॅटरी दोन-तीन वर्षांनी फुगू शकते, स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली किंवा स्टँडमधून काढताना घट्ट वाटला तर त्याच दिवशी बदला, दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका. २०२४ पासूनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, असेल तर लगेच चालू करा. आणि स्टँड कुलपाचाच घ्या.

सगळं झालं की मी मेन स्विच बंद करतो, एक मिनिट थांबतो, परत चालू करतो, कशालाही हात लावत नाही. टीव्ही येतो, पीसी येतो, आयपॅड आपोआप जोडला जातो, साधारण तीन-चार मिनिटांत. मग ऑफिसमधल्या अशा कोणालातरी बोलावतो ज्यांनी हे कधी हाताळलेलं नाही, मागच्या वेळी अकाउंट्सच्या मॅडम होत्या, त्यांना म्हटलं ताई ही दुपारची मीटिंग सुरू करून दाखवा, मी काही बोलणार नाही. त्या पाच सेकंद बघत राहिल्या, मग एक बोट लावलं आणि टीव्हीवर स्वतःचा चेहरा बघून हसल्या. रूमचं नाव, पीसीचा आयपी आणि मदतीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी स्टँडच्या खालच्या बाजूला चिकटवली, पासकोडची चिठ्ठी ॲडमिनच्या कपाटात दिली आणि निघालो.